एल्फला दोन पेशे, माणसाला एकच : खेळातल्या एका नियमाची पन्नास वर्षं

२०२४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या मुख्य नियमपुस्तकाची नवी आवृत्ती आली. तिच्यात ‘रेस’ म्हणजे वंश हा शब्द काढून ‘स्पीशीज’ म्हणजे प्रजाती हा शब्द घातला. एवढ्याशा बदलावरून जगभरच्या खेळाडूंमध्ये जुंपली. ‘खेळात राजकारण कशाला घुसवता?’ हा सूर आपल्याकडच्या खेळणाऱ्या पोरांच्या तोंडीही ऐकतो मी. त्यांना चिडवायचं नाही, पण एक सांगावंसं वाटतं. राजकारण २०२४ साली आलेलं नाही. १९७४ च्या पहिल्या पुस्तिकांतच ते होतं, फक्त तेव्हा त्याला ‘नियम’ म्हणत आणि कुणी त्यावर वाद घालत नव्हतं.

हे दाखवायला एकच नियम पुरेसा आहे. एका पात्राला दोन पेशे एकत्र करता येतात का? आणि येत असतील तर कुणाला?

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. या खेळात तुम्ही एक पात्र उभं करता. पात्राचा वंश ठरतो : माणूस, एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग वगैरे. मग त्याचा ‘क्लास’ ठरतो. इथे क्लास म्हणजे शिकवणी नव्हे, पेशा : लढवय्या, जादूगार, पुरोहित, चोर. साहसं करत गेलं की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते आणि अंगात नवी कसब येतात. आज कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर तलवार-जादूचा कुठलाही खेळ उघडा, वंश, पेशा, लेव्हल ही भाषा याच खेळातून आलेली दिसेल. दोन पेशांच्या मिश्रणाला खेळाडू ‘मल्टिक्लास’ म्हणतात.

आता १९७४. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं लेक जिनिव्हा हे छोटं गाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी लिहिलेल्या तीन पातळ पुस्तिका टीएसआर या घरगुती कंपनीने छापल्या. पहिली छपाई १,००० प्रतींची. पेशे तीनच : लढवय्या, जादूगार, पुरोहित. माणसाला यातला कुठलाही एक घेता येई आणि लेव्हल वाढायला वरची मर्यादा नव्हती. ड्वॉर्फला फक्त लढवय्या होता येई, तेही सहाव्या लेव्हलपर्यंत. हॉबिटलाही फक्त लढवय्या, चौथ्या लेव्हलपर्यंत. एल्फला मात्र खास सवलत होती. एका साहसात लढवय्या, पुढच्या साहसात जादूगार, असं आलटून पालटून त्याला वागता येई. पण त्यालाही छत होतं : लढवय्या म्हणून चौथी लेव्हल, जादूगार म्हणून आठवी.

म्हणजे या खेळातलं पहिलं मिश्रण हे एल्फच्या जन्मासोबत आलेलं होतं.  तुम्ही कोण म्हणून जन्मलात यावर तुम्ही काय काय होऊ शकता ते ठरत होतं, आणि किती वर चढू शकता तेही.

का? गायगॅक्स यांनी कारण लपवलेलं नाही. त्यांना आपलं जग माणूसकेंद्री हवं होतं. एल्फ अंधारात बघतो, ड्वॉर्फला जादू सहज बाधत नाही, मग सगळे तेच घेतील आणि माणूस कोण घेणार? म्हणून बाकीच्यांना छत घातलं. याला ‘समतोल’ म्हटलं गेलं. हिशेब म्हणून बघा, तो बसत नाही. बहुतेक टोळ्यांचे खेळ खालच्या लेव्हलवरच संपतात. तिथे एल्फला सगळे फायदे फुकट मिळतात आणि छताशी त्याची कधी गाठच पडत नाही. खेळ लांबला तर उलटं होतं. सोबतचे माणूस-पात्र चढत जातात आणि एल्फ जागच्या जागी थांबतो. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला काहीच नाही, याला समतोल म्हणणं जरा कठीणच आहे.

१९७८ साली ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीचं खेळाडूंसाठीचं पुस्तक आलं आणि हा नियम सविस्तर लिहिला गेला. मानवेतर वंशांना दोन, क्वचित तीन पेशे एकदम चालवता येऊ लागले. मिळालेले गुण पेशांमध्ये समान वाटायचे. ऐकायला हे महाग वाटतं, पण आकडे बघा. समजा ३६,५०० गुण मिळालेत. नुसता लढवय्या असाल तर सहावी लेव्हल. लढवय्या-जादूगार असाल तर प्रत्येक पेशाला १८,२५० मिळतात, म्हणजे लढवय्याची पाचवी लेव्हल आणि जादूगाराची चौथी. एका लेव्हलच्या बदल्यात अख्खा दुसरा पेशा! कारण साधं आहे. त्या टप्प्यापर्यंत प्रत्येक पुढच्या लेव्हलला जवळपास दुप्पट गुण लागतात, त्यामुळे निम्मे गुण म्हणजे निम्मी लेव्हल नव्हे, साधारण एकच लेव्हल मागे.

इतकं फायद्याचं मिश्रण माणसाला बंद होतं. माणसासाठी वेगळी वाट होती. जुना पेशा सोडायचा, नवा पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचा, आणि नवा पेशा जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी कसब वापरायची नाहीत. वापरलीत तर त्या साहसाचे गुण गेले. शिवाय जुन्या पेशाच्या मुख्य गुणवत्तेत किमान १५ आणि नव्याच्या गुणवत्तेत किमान १७ हवेत. साध्या तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता २१६ मध्ये ४. म्हणजे करिअर बदलायची मुभा होती, पण नशीबवान माणसालाच.

याच पुस्तकात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, स्त्री-पात्राच्या ताकदीला पुरुष-पात्रापेक्षा खालची मर्यादा. माणसांमध्ये लढवय्या पुरुषाची ताकद अठरावर शंभर टक्क्यांपर्यंत जाई, बाईची अठरावर पन्नास टक्क्यांपर्यंतच. ड्रॅगन उडतात त्या जगात! दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. सगळ्या पेशांना वंशवार छत होतं, पण ड्वॉर्फ, एल्फ, नोम, हाफलिंग या सगळ्यांना एक पेशा मात्र बिनछताचा मोकळा होता. चोराचा. हाफ-ऑर्कला तर चोरीतही छत, आणि मोकळा पेशा एकच : मारेकऱ्याचा. पॅलाडिन हा धर्मनिष्ठ वीराचा सर्वांत मानाचा पेशा फक्त माणसासाठी राखीव.

लिहिणाऱ्यांनी हे द्वेषातून लिहिलं असं मी म्हणत नाही. टॉल्किनच्या कादंबऱ्या आणि त्या काळच्या तलवारबाजीच्या गोष्टी वाचून डोक्यात जे चित्र बसलं तेच त्यांनी कोष्टकात उतरवलं. पण कोष्टकात उतरलं की चित्राचा कायदा होतो, हे लक्षात घ्यायला हवं.

आपल्याकडच्या वाचकाला हे वाचताना जे आठवायचं ते आठवणारच. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात हाच भेद दाखवला होता : श्रमाची विभागणी ही एक गोष्ट, आणि श्रमिकांचीच जन्मावरून चढत्या-उतरत्या पायऱ्यांत विभागणी ही वेगळी गोष्ट. खेळाचं कोष्टक म्हणजे जातव्यवस्था, असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. खेळातला एल्फ कुणी उपाशी राहत नाही, त्याला कुणी पाणवठ्यावरून हाकलत नाही. पण ‘पेशा जन्मावर ठरतो, आणि व्यवस्था टिकवायला ते आवश्यकच आहे’ या युक्तिवादाची घडण ओळखीची आहे. म्हणून तो खेळात कसा मोडला गेला ते बघायला मला रस आहे.

तो पहिल्यांदा मोडला कॉम्प्युटरवर. १९८१ साली ‘विझर्ड्री’ नावाचा खेळ आला. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या कॉर्नेल विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला होता. त्यात वंश होतेच, आणि वंशावरून सुरुवातीचे गुण कमीजास्त मिळत. पण पेशाच्या दारावर वंशाचा पहारेकरी नव्हता. लागणारे गुण अंगात असतील तर हॉबिटही सामुराई होऊ शकत होता. पेशा बदलायचा असेल तर किंमत मोजायची : लेव्हल पुन्हा एक, गुण तळाला आणि वयात काही वर्षांची भर. शिकलेले मंत्र मात्र सोबत राहत.

गंमत बघा. त्याच वर्षी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची नवशिक्यांसाठीची सोपी पेटी आली, आणि तिने उलट दिशा धरली. तिच्यात एल्फ, ड्वॉर्फ, हाफलिंग हेच पेशे झाले. एल्फ म्हणजेच लढवय्या अधिक जादूगार. दुसऱ्या लेव्हलला लढवय्याला २,००० गुण लागत, जादूगाराला २,५०० आणि एल्फला ४,०००. दोन पेशांची किंमत इथे अगदी चोख लावलेली होती. पण ती किंमत मोजायची मुभा एल्फलाच. माणसाने ४,००० काय, ४०,००० देतो म्हटलं तरी उपयोग नाही.

‘विझर्ड्री’ जपानमध्ये फार चालला आणि तिथल्या खेळांनी ही वाट पुढे नेली. १९८८ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ मध्ये विसाव्या लेव्हलला पोचलं की एका मठात जाऊन पेशा बदलता येई. लेव्हल एकवर, गुण निम्मे, शिकलेले मंत्र कायम. १९९२ च्या ‘फायनल फँटसी ५’ मध्ये तर एका पेशात शिकलेलं कसब दुसऱ्या पेशात सोबत नेता येऊ लागलं. या दोन्ही खेळांत मिश्रणाला किंमत आहे, कष्ट आहेत. जन्माचा दाखला मात्र कुणी मागत नाही.

मूळ खेळाला इतक्या लांब यायला वेळ लागला. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्त्रियांच्या ताकदीची मर्यादा गेली. वंशाची छतं थोडी उंच झाली, पण राहिली. मिश्रण मानवेतरांना, पेशाबदल माणसाला, हेही राहिलं. याच नियमांवर कॅनडाच्या बायोवेअरने १९९८ साली ‘बाल्डर्स गेट’ आणि २००० साली त्याचा दुसरा भाग काढला. माझ्या पिढीतल्या अनेकांची या प्रकाराशी ओळख तिथेच झाली. आम्हाला यातला इतिहास काही ठाऊक नव्हता. माणूस निवडला की मिश्र पेशांचे पर्याय यादीतून नाहीसे होत. मी एका मित्राला विचारलं, तर त्याचं ठाम मत पडलं की सीडी कॉपी करताना काहीतरी राहून गेलंय.

पण खेळाडू हुशार. त्यांनी माणसाच्या खडतर वाटेतूनही सोनं काढलं. दुसऱ्या भागातला ‘केन्साई’ हा तलवारबाज चिलखत घालू शकत नाही, हा त्याचा मोठा दोष. जादूगारही चिलखत घालत नाही. मग नवव्या किंवा तेराव्या लेव्हलपर्यंत केन्साई राहायचं आणि तिथून जादूगार व्हायचं. एका पेशाचा दोष दुसऱ्या पेशात दोष उरतच नाही. चांगल्या मिश्रणाचं तत्त्व आजही हेच आहे. मधला काळ मात्र हाल काढायचे, कारण जुनी तलवारबाजी गोठलेली असते आणि हातात पहिल्या लेव्हलची जादू.

१९९७ साली टीएसआर कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली आणि २००० साली तिसरी आवृत्ती आली. जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स हे तिचे रचनाकार. त्यांनी वंशावरची बंदी आणि छत दोन्ही काढून टाकलं. कुठलाही वंश, कुठलाही पेशा, आणि प्रत्येक नव्या लेव्हलला हवा तो पेशा घ्या. ड्वॉर्फ जादूगार, हाफ-ऑर्क पॅलाडिन, सगळं शक्य.

तरी जन्म पूर्ण गेला नाही. प्रत्येक वंशाला एक ‘आवडता पेशा’ दिला : ड्वॉर्फला लढवय्या, एल्फला जादूगार, हाफलिंगला पुन्हा चोराच्याच कुळातला रोग. पेशांच्या लेव्हलमध्ये फार अंतर पडलं तर गुणांत २० टक्के कपात. आवडता पेशा मात्र या हिशेबात धरायचा नाही. माणसाला आणि हाफ-एल्फला कुठलाही पेशा आवडता चालेल. थोडक्यात, दार सगळ्यांना उघडलं, पण काहींना आत जायला कर भरावा लागे. बंदी उठते तेव्हा ती बरेचदा अशीच उठते, एकदम नाही.

या मोकळिकीने गोंधळ झाला का? झाला. रेंजर या पेशाला पहिल्याच लेव्हलला दोन हातांनी दोन शस्त्रं चालवायचं कसब मिळत होतं. झालं, जो तो रेंजरची एक लेव्हल घेऊन पुढे. जुने खेळाडू म्हणू लागले, बघा, सांगत होतो ना, बंधनं उठवली की असंच होणार. आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण इथे आहे. २००३ च्या सुधारित आवृत्तीत रचनाकारांनी काय केलं? वंशाची बंदी परत आणली नाही. रेंजरची कसब पहिल्या लेव्हलवरून पुढच्या लेव्हलींवर पसरवली. म्हणजे ज्याला खरंच दोन शस्त्रं हवीत त्याने रेंजर म्हणून थोडा काळ काढावा. दुरुस्ती किमतीत झाली, माणूस कोण आहे यात नाही.

१९७४ पासून ‘समतोलासाठी वंशाची मर्यादा हवीच’ असं सांगितलं जात होतं. समतोलाचा प्रश्न खरा होता, हे मान्य. पण त्याचं उत्तर जन्मात शोधायची गरज नव्हती, हे सिद्ध व्हायला जवळपास तीस वर्षं गेली.

पुढचं पटापट घडलं. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मिश्रणासाठी संबंधित गुणवत्तेत किमान १३ एवढीच अट उरली, वंशाची नाही. तरी वंशावरून ताकद, बुद्धी यांचे वाढीव गुण मिळतच होते, त्यामुळे ‘अमका वंश अमक्या पेशालाच बरा’ हे आडून चालू होतं. २०२० च्या जूनमध्ये, अमेरिकेत वर्णद्वेषाविरुद्ध आंदोलनं पेटलेली असताना, कंपनीने जाहीर केलं की ऑर्क आणि ड्राव यांना सरसकट दुष्ट दाखवणं खऱ्या समाजांच्या बदनामीसारखं दिसतं आणि ते बदललं जाईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या पुस्तकात वाढीव गुण हवे तिथे लावायची सोय झाली. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्यात १२ पेशे, कुठलाही वंश, मिश्रणाला गुणांची अटही नाही. आणि पटलं नाही तर तळावरच्या हाडकुळ्या म्हाताऱ्याला १०० सोन्याची नाणी देऊन अख्खं पात्र नव्याने घडवा. २०२४ मध्ये वाढीव गुण वंशाकडून काढून पात्राच्या पूर्वायुष्याला, म्हणजे तो कुठे काय शिकला याला जोडले, आणि सुरुवातीला म्हटलेला तो शब्द बदलला.

विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला पटतो. सगळे वंश सगळ्या बाबतीत सारखे झाले तर एल्फ आणि ड्वॉर्फ म्हणजे नुसते वेगळे कपडे. जगाचा रंग उडतो. खरं आहे. पण वेगळेपण ठेवायचे मार्ग खूप आहेत. अंधारात दिसणं, आयुर्मान, भाषा, इतिहास, जुनी भांडणं. वेगळं असणं आणि अमुक कामाला नालायक असणं यात फरक आहे.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे आणि तो सुधारणावाद्यांनी ऐकावा. बंदी उठल्यावर सगळे वेगवेगळी पात्रं करतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात अनेकजण व्हिडिओ बघून तीच चार मिश्रणं करतात. पॅलाडिन-वॉरलॉक घ्या. दोघांचा आधार व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव या एकाच गुणावर, आणि वॉरलॉकची जादू थोड्याशा विश्रांतीत परत भरते ती पॅलाडिनच्या घणाघाती वारात वापरता येते. हिशेब चोख आहे, म्हणून सगळे तेच करतात. पुस्तकाने घातलेली चौकट गेली तर ‘सर्वांत फायद्याचं काय’ ही नवी चौकट आपणच आपल्याभोवती आखली. दहावीनंतर शाखा निवडणाऱ्या घरांत हे चित्र अनोळखी नाही.

तरी या दोन चौकटींना मी एका मापाने मोजणार नाही. व्हिडिओतलं मिश्रण नाकारून ड्वॉर्फ शाहीर-जादूगार करणारी एक मुलगी आज खेळू शकते. फार तर थोडी हरेल. १९७८ च्या पुस्तकात तिच्या पात्राला जागाच नव्हती, कारण त्या कोष्टकात ड्वॉर्फपुढे जादूगाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं.

म्हणून पोरांना माझं एवढंच सांगणं आहे. नियम बदलला म्हणून चिडण्याआधी जुना नियम उघडून वाचा. तो तुमच्याकडून किंमत मागतोय की तुमचा जन्म विचारतोय, ते बघा. किमतीबद्दल घासाघीस करता येते, ती वाढवता येते, कमी करता येते, रेंजरसारखी पसरवता येते. आणि ‘पूर्वापार असंच आहे, त्याशिवाय सगळं कोसळेल’ असं कुणी सांगितलं, खेळात किंवा बाहेर, तर त्याला २००३ ची रेंजरची गोष्ट जरूर सांगा.

ज्यांचं मत वेगळं असेल त्यांनी जरूर लिहावं. जुन्या आवृत्त्या खेळलेल्यांनी तर नक्कीच.